मैत्रिणीची मुलगी सुट्टीत हर्गेसाला चाललीये, मी बोलू की गप्प बसू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मैत्रीण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहते. नवरा आयटीत, ती स्वतः एका ऑफिसात पार्टटाइम अकाउंट्स बघते, मुलगी आठ वर्षांची. मुलीच्या वर्गात एक सोमाली मुलगी आहे आणि तिच्या आईशी हिची शाळेच्या गेटवर ओळख होऊन आता चांगली घरोब्याची मैत्री झालीये. त्या मैत्रिणीने एकदा चहा पिताना सांगितलं की ती सात वर्षांची असताना तिचा खतना झाला होता, म्हणजे जननेंद्रियाचा बाहेरचा भाग कापला होता, आणि पहिल्या बाळंतपणात त्यामुळे फार हाल झाले. जुलैच्या शेवटी ती मुलांना घेऊन सहा आठवडे सोमालियातून वेगळं झालेल्या सोमालीलँडला, हर्गेसा शहरात, सासरी चाललीये. "सासूबाई प्रत्येक फोनवर विचारतात मुलीचं कधी करणार, आता काही पूर्वीसारखं नसतं, सगळे नुसतं सुन्ना करतात," असं ती म्हणाली (सुन्ना म्हणजे खतन्याचा हलका समजला जाणारा प्रकार). मग तू काय करणार, असं विचारल्यावर "बघू" म्हणाली आणि विषय बदलला. पत्रलेखिकेचा नवरा म्हणतो त्यांचा धर्म त्यांची पद्धत, नसत्या भानगडीत पडू नकोस. मराठी ग्रुपमधली एक जण म्हणते हे सोमाली लोक सगळे असेच, सरळ पोलिसांना फोन कर. ती विचारते, "फोन केला तर मैत्री संपली आणि तिच्या दारात पोलीस, नाही केला आणि त्या पोरीचं काही झालं तर मी काय करू? आणि मुळात मला यात बोलायचा हक्क आहे का?"

अगं, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. हो, हक्क आहे. आठ वर्षांच्या पोरीच्या शरीराला कायमची इजा होणार असेल तर तो कुणाच्याच घरचा खाजगी मामला राहत नाही. आणि बोलायचं ते आधी त्या मैत्रिणीशीच, एकटीशी, याच आठवड्यात. फक्त या बोलण्याला एक शेवटची तारीख हवी, विमानाच्या तारखेच्या बरीच आधीची, आणि तोपर्यंत तुला तिच्या तोंडून स्पष्ट "नाही, करणार नाही" ऐकू आलं नाही तर तू शाळेत जाऊन सांगायचंस. मैत्री गेली तरी सांगायचंस. हे झालं थोडक्यात, आता मला तुझ्या पत्रातल्या काही गोष्टींवर जरा थांबायचंय, कारण तू दोनच वाटा मांडल्यास, गप्प बसणं किंवा पोलीस, आणि मला वाटतं त्या दोन्हींच्या मागे काही समजुती आहेत ज्या तपासून बघितल्या तर तुला बोलणं सोपं जाईल.

पहिली समजूत त्या "बघू"बद्दलची. तुला त्यात "हो" ऐकू आलं. मला तुझं पत्र वाचताना तसं नाही वाटलं. विचार कर, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या सोमाली बायकांना खतन्याविरुद्धचा कायदा तुझ्यामाझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतो, डॉक्टरकडे, मिडवाइफकडे, शाळेत, एअरपोर्टवर त्यांना याबद्दल विचारलं जातं. जिने मनाशी पक्कं ठरवलंय ती शाळेतल्या दुसऱ्या आईला सासूबाईंचा फोन कशाला सांगेल? तिने स्वतःच्या बाळंतपणाचे हाल सांगितले, मग सासूबाई काय म्हणतात ते सांगितलं, आणि तिथेच थांबली. मला तर वाटतं ती तुला चाचपून बघत होती, की ही माझ्याकडे तिरस्काराने बघते का, की हिच्याशी बोलता येईल. आपल्याकडे नाही का एखादी सून घरातली अडचण "सासूबाई असं म्हणतात हं" एवढंच बोलून सोडून देते आणि समोरची काय म्हणते ते बघते. अर्थात माझाही हा अंदाजच, म्हणून तर तिलाच विचार असं म्हणतेय.

दुसरी समजूत ग्रुपमधल्या मैत्रिणीची, सोमाली लोक सगळे असेच. यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते जास्त धोकादायक आहे. सोमालियाच्या २०२०च्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ९९ टक्के बायकांचा खतना झालेला होता, म्हणजे जवळजवळ प्रत्येकीचा. बहुतेकींचा पाच ते नऊ वर्षांच्या दरम्यान. आणि तिथला जुना प्रकार, ज्याला ते फिरऔनी म्हणतात, तो जगातल्या सगळ्यात भयंकर प्रकारांपैकी, बाहेरचा भाग कापून कडा एकमेकींना शिवून टाकतात, लघवी आणि पाळीसाठी बारीकसं भोक ठेवतात, जखम जुळावी म्हणून मुलीचे पाय कित्येक दिवस बांधून ठेवतात. पुढे लघवीला खूप वेळ लागणं, इन्फेक्शन, पाळीच्या असह्य वेदना, आणि बाळंतपणात तो भाग उघडावा लागणं. तुझ्या मैत्रिणीने "फार हाल झाले" एवढंच म्हटलंय, त्यामागे हे सगळं असू शकतं.

पण आकडा तिथल्या बायकांचा आहे, त्यांच्यावर काय केलं गेलं त्याचा. त्यातून देश सोडून आलेल्या आईच्या मनात आज काय आहे ते कळत नाही, ती वेगळी गोष्ट आहे, आणि त्यावर लोकांनी जाऊन बोलून अभ्यास केलेत. नॉर्वेत ओस्लोमधल्या सोमाली लोकांवर २०१२ साली एक अभ्यास आला, त्यात ७० टक्के लोक म्हणाले की हे सगळ्या प्रकारांसकट बंद व्हायला हवं. उरलेल्या ३० टक्क्यांमध्ये नुकतेच आलेले लोक जास्त होते, आणि त्यांचा कल मुख्यतः सुन्नाकडे होता. स्वीडनमध्येही असंच दिसलं, तिथे तर १९८२ सालीच कायदा झाला, पाश्चात्त्य देशांत सगळ्यात आधी. आणि मत का बदललं याची कारणं मला फार महत्त्वाची वाटतात कारण तुला तिच्याशी बोलताना तीच उपयोगी पडणारेत. एक म्हणजे शेजाराचा दाब गेला. तिकडे खतना न झालेल्या पोरीला शाळेत चिडवतात, घाणेरडी म्हणतात, तिचं लग्न जमणार नाही म्हणतात, आणि आई बिचारी पोरीच्या भल्यासाठीच करतेय असं समजून करते. इकडे न झालेलीच मुलगी चारचौघींसारखी असते. दुसरं म्हणजे परदेशात त्यांना पहिल्यांदा दुसरे मुसलमान भेटले, अरब, पाकिस्तानी, तुर्की, आणि कळलं की यांच्यातल्या बहुतेकांकडे हे नसतंच आणि तरी ते पक्के नमाजी आहेत, मग आपण जे धर्म म्हणून करत होतो ते काय होतं? हा प्रश्न त्यांना कुठल्या गोऱ्या सरकारी बाईने विचारला नाही, त्यांचा त्यांना पडला. आणि तिसरं, बायकांनी आपल्याच बाळंतपणात आपल्या शरीराचं काय झालंय ते पहिल्यांदा डॉक्टरांकडून समजून घेतलं.

तुझ्याच शहरातलं उदाहरण सांगते. २०१४ साली ब्रिस्टलमधल्या फहमा मोहम्मद नावाच्या सोमाली वंशाच्या शाळकरी मुलीने मोहीम चालवली, की सुट्टीच्या आधी प्रत्येक शाळेला शिक्षणमंत्र्यांनी यावर पत्र पाठवावं. दोन लाखांहून जास्त सह्या जमल्या, त्या वेळचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह तिला आणि तिच्या मैत्रिणींना भेटले आणि शाळांना पत्र गेलं. म्हणजे तुझ्या मुलीच्या शाळेत या विषयावर जी काही जागरूकता आहे त्यातला मोठा वाटा सोमाली पोरींच्या कष्टाचा आहे. ग्रुपमधल्या मैत्रिणीला हे जरूर सांग.

आणि सरसकट संशयाची किंमत कोण भरतं तेही सांग. २०१८ मध्ये ब्रिस्टलच्याच कोर्टात एका सोमाली बापावर खटला चालला, तो टॅक्सी चालवायचा आणि गाडीतल्या एका प्रवाशाने सांगितलं की हा बोलता बोलता मुलीचं छोटंसं केलंय असं म्हणाला. मुलीची तपासणी झाली, डॉक्टरी पुरावा ठाम नव्हता, जजने खटला तिथेच थांबवून त्याला निर्दोष सोडलं. पण तोवर त्या घराचं काय झालं असेल. स्वीडनमध्येही नुसत्या संशयावरून, आईबापाच्या मर्जीविरुद्ध मुलींची तपासणी झाल्याची उदाहरणं आहेत, ज्या मुलीला कुणी हातही लावला नव्हता तिला तपासायच्या टेबलावर झोपवलं. ब्रिस्टलमधल्या सोमाली आयाबापांनी संशोधकांना हेच सांगितलंय की दरवेळी दवाखान्यात तेच तेच विचारून जुन्या जखमा उकरल्या जातात, त्यामुळे काही जणी डॉक्टरकडे जायचंच टाळतात.

हे वाचून तुला वाटेल की मग मी गप्पच बसू. नाही. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०२३ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात सोमालियात जन्मलेली एक बाई दोषी ठरली, तिने २००६ साली एका तीन वर्षांच्या ब्रिटिश मुलीला केनियात नेऊन हे करायला मदत केली होती. ती मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर शाळेत बोलली तेव्हा कळलं. सात वर्षांची शिक्षा झाली. त्या बाईचा स्वतःचा लहानपणी खतना झालेला होता, आणि ती म्हणाली की समाजातल्या मोठ्यांनी वाळीत टाकू, शाप देऊ असं म्हणून दबाव आणला. मला ही केस वाचताना तुझी मैत्रीण आठवली म्हणून सांगतेय. स्वतः भोगलेली, मनातून नको असलेली बाईसुद्धा सासरच्या अंगणात दहा मोठ्या बायकांसमोर एकटी पडली तर मोडू शकते. तिची इच्छा चांगली आहे यावर सगळं सोडून देता येत नाही, ती इच्छा तिकडे टिकेल याची तजवीज इथूनच करावी लागते. माझं सगळं म्हणणं याभोवतीच आहे.

आता ते सुन्ना. "आता नुसतं सुन्ना करतात" हे वाक्य नीट समजून घे, कारण ते ऐकून पुष्कळ जणींचा जीव भांड्यात पडतो आणि पडू नये. सुन्ना म्हणजे थोडंसंच, धर्माप्रमाणे, असं समजलं जातं, पण त्या नावाखाली काय करतात याला काही धरबंध नाही, कुठे नुसती टोचणी, कुठे भाग कापणं, आणि कुठे कापून वर दोनतीन टाके घालणं तरीही त्याला सुन्नाच म्हणतात. करणारी बाई ठरवते. शिवाय हर्गेसाला २०१८ मध्ये सोमालीलँडच्या धार्मिक खात्याने फतवा काढला तो कापून शिवण्याच्या प्रकाराविरुद्ध, सुन्ना त्यात सुटलं, त्यामुळे तिथल्या कुटुंबांना वाटतं की आम्ही आता सुधारलो, योग्य तेच करतोय. तुझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंना कदाचित मनापासून वाटत असेल की मी नातीसाठी हलकं काहीतरी सुचवतेय, माझ्यासारखं नाही. त्यांना राक्षसीण समजू नकोस, पण ऐकूही नकोस. इंग्लंडच्या कायद्याला हलकं-जड असा फरक मान्य नाही, सुन्नाही गुन्हाच आहे, ब्रिटिश नागरिक किंवा इथल्या रहिवाशाने तो परदेशात केला किंवा करवला तरीही. करणाऱ्याला चौदा वर्षांपर्यंत आणि मुलीचं रक्षण न करणाऱ्या पालकाला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

हर्गेसाचंच नाव निघालंय तर एडना अदान यांच्याबद्दल सांगते, तुझ्या मैत्रिणीला हे नाव नक्की माहीत असणार. सोमालीलँडच्या नर्स आणि मिडवाइफ, १९७६ पासून या प्रथेविरुद्ध जाहीर बोलतायत, २००२ साली हर्गेसात स्वतःचं हॉस्पिटल काढलं, २०२३ चं टेम्पलटन प्राइझ मिळालं. त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितलीये, त्या आठ वर्षांच्या असताना, डॉक्टर असलेले वडील बाहेरगावी गेलेले बघून आई आणि आजीने त्यांचा खतना करवला, वडील परत आल्यावर त्यांना फार मोठा धक्का बसला. यातली एक बाब तू लक्षात ठेव, वडील घरी नव्हते. बऱ्याच घरांत हे बायकांचं काम म्हणून बायकाच उरकतात आणि बापाला एकतर विचारत नाहीत किंवा तो मुद्दाम विचारत नाही. तुझ्या पत्रात मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल एक शब्द नाहीये. तो बरोबर जातोय का? त्याचं मत काय? हे कळणं मला सासूबाईंच्या मतापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल थोडंच बोलते. त्यांचा धर्म म्हणतो तो, पण कुराणात याचा उल्लेख नाही, जगातले बहुतेक मुसलमान हे करत नाहीत, आणि इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांतही हे चालत आलंय. आणि "त्यांची पद्धत" म्हणताना आपण मुंबईकडे बघत नाही. दाऊदी बोहरा समाजात साधारण सात वर्षांच्या मुलींचा खतना होतो, भेंडी बाजारातल्या अंधाऱ्या खोल्यांत नेलेल्या मुलींनी मोठं होऊन ते जाहीर सांगितलंय, त्या बायकांनीच एकत्र येऊन आवाज उठवला, सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं ते मोठ्या घटनापीठाकडे पाठवलं गेलं आणि भारतात यावर वेगळा कायदा अजूनही नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला २०१७ मध्ये जो मोठा खटला उभा राहिला त्यातल्या काही मुली मिनेसोटातून नेलेल्या होत्या, आणि मिनेसोटा म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी सोमाली वस्ती, त्यामुळे ऐकणाऱ्याला आधी सोमालीच आठवतात, पण ती कुटुंबं आपल्याकडच्या बोहरा समाजातली होती. तेव्हा नवऱ्याला सांग की भानगड परकी नाहीये.

आता बोलायचं कसं. मुलं शाळेत असताना भेट, तुझ्या घरी किंवा फिरायला जाऊन, तिच्या घरी नको कारण तिथे फोन चालू असतात, पाहुणे असतात. सुरुवात कायद्याने करू नकोस, "तुला माहितीये ना हा गुन्हा आहे" असं म्हटलंस की ती बंद होईल, हे तिने हजारदा ऐकलंय. तिने जे तुला सांगितलं तिथूनच सुरू कर. "त्या दिवशी तू तुझ्या बाळंतपणाचं बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. सासूबाई विचारतात तेव्हा तुला काय वाटतं गं? तुला स्वतःला काय हवंय?" आणि मग गप्प बस. खरंच गप्प बस, तिला बोलू दे, मधे आपल्याकडच्या गोष्टी सांगत बसू नकोस. "रानटी", "असं कसं करतात तुमच्यात" असले शब्द तोंडातून चुकूनही काढू नकोस, ती ज्या आईच्या पोटी जन्मली तिनेच हे केलेलं असतं आणि आईवर तिचं प्रेम असतं.

ती म्हणाली, मला नकोय पण तिकडे गेल्यावर माझं कोण ऐकणार, तर तुझं खरं काम तिथे सुरू होतं. तेव्हा कायदा काढ, तिच्या हातात देण्यासाठी. सासूबाईंना "मला नको" म्हणणं सुनेला जड जातं, पण "मी केलं तर परत आल्यावर मला जेल होईल, तुमच्या मुलाला होईल, नात सरकार घेऊन जाईल" हे म्हणणं सोपं जातं, त्यात उद्धटपणा नाही. ब्रिटिश सरकारने यासाठी मुद्दाम एक छोटं पत्रक काढलंय, एफजीएमविरोधी निवेदन म्हणून (एफजीएम म्हणजे मुलींचा खतनाच), पासपोर्टबरोबर ठेवता येईल एवढं, सरकारच्या वेबसाइटवर सोमाली भाषेतही मिळतं, त्यात कायदा आणि शिक्षा लिहिलेली आहे. ते तिच्याबरोबर बसून प्रिंट काढ. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या आईला फोन करून, निघायच्या आधी, स्पष्ट सांगायला हवं की माझ्या मुलीला हात लावायचा नाही. हे मुलाच्या तोंडून जाणं फार वेगळं असतं, सून सांगते ते बंड होतं आणि मुलगा सांगतो तो निर्णय होतो, आवडो न आवडो पण तसंच आहे. तिकडे मुलीला आजीकडे किंवा आत्याकडे एकटीला रात्रभर सोडायचं नाही, आपण बाजारात गेलो तरी तिला बरोबर न्यायचं. मैत्रिणीला स्वतःवर भरवसा नसेल तर जाणं पुढच्या वर्षावर टाकणं किंवा मुलीला इथे ठेवणं यात काही कमीपणा नाही. आणि दबाव खूपच असेल तर ती स्वतः फॅमिली कोर्टात एफजीएम प्रोटेक्शन ऑर्डर मागू शकते, २०१५ पासून ही सोय आहे, फी लागत नाही, कोर्ट मुलीचा पासपोर्ट ठेवून घेऊ शकतं. त्यात आईवर गुन्हा दाखल होत नाही, उलट तिला सासरी सांगता येतं की कोर्टाचाच हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही.

आणि ती जर म्हणाली की हो, सुन्ना करून घेणार, त्यात काय एवढं, किंवा पुन्हा "बघू", किंवा तू असं विचारल्यावर तुला टाळायला लागली. तर मग तुझी तारीख आली की शाळेत जा. प्रत्येक शाळेत सेफगार्डिंगची, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची, जबाबदारी असलेली एक व्यक्ती असते, रिसेप्शनवर विचारलंस तर नाव सांगतात. तिला जे ऐकलंस तेवढंच सांग, कधी जाणार, कुठे, सासूबाई काय म्हणतात, ही काय म्हणाली. "सोमाली आहेत म्हणून मला वाटतं" असलं काही नको, त्याचा उपयोग नाही आणि अन्याय होतो. शाळेत नको वाटलं तर एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला फोन कर, नाव न सांगताही बोलता येतं आणि तू अजून काही ठरवलं नसशील तरी नुसता सल्ला विचारायला फोन केलेला चालतो. बहुतेक वेळा पुढे सोशल वर्कर येऊन आईबापाशी बोलते, दारात एकदम पोलिसांची गाडी येत नाही. पण विमान उद्यावर आलंय आणि तुला कळलंय की ठरलंय, तर मात्र सरळ पोलिसांच्या तातडीच्या नंबरवर, ९९९ला फोन.

तिला आधी सांगावं का, की मी शाळेत सांगणार आहे? एरवी मी म्हणाले असते की हो, मैत्रिणीला अंधारात ठेवू नये. पण इथे नको, आधी कळलं तर तिकिटाची तारीख अलीकडे येऊ शकते. हे तुला जड जाईल, मला माहितीये.

दोन गोष्टी अजिबात करू नकोस. त्या छोट्या मुलीला काही विचारू नकोस आणि तुझ्या मुलीकरवी तर मुळीच विचारू नकोस, ते काम ज्यांना प्रशिक्षण आहे त्यांचं. आणि ग्रुपवर यातलं एक अक्षर लिहू नकोस, आधी काही लिहिलं असशील तर आता विषय संपला म्हणून सांग. ब्रिस्टल केवढंसं, नाव घेतलं नाही तरी कळतं, आणि ती मुलगी मोठी होऊन त्याच गावात राहणार आहे.

ही मुलगी सप्टेंबरला परत येईल तेव्हाही तिला नेहमीसारखीच खेळायला बोलव. बाथरूममध्ये फार वेळ लागतोय, बसायला त्रास होतोय, पीटीला जायला नको म्हणते, एकदम गप्प झालीये असं काही दिसलं तर स्वतः चौकशी न करता शाळेत सांग. इतर वाचकांपैकी ज्या इंग्लंडमध्ये नर्स, डॉक्टर किंवा शिक्षिका आहेत त्यांच्यासाठी नियम वेगळा आहे हे लक्षात ठेवा, अठरा वर्षांखालच्या मुलीने तुम्हाला स्वतः सांगितलं किंवा तुम्हाला तपासताना दिसलं तर पोलिसांना कळवणं ऑक्टोबर २०१५ पासून तुमच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, तिथे मैत्रीबित्रीचा विचार करायला जागाच नाही. बाकी देशांत कायदे वेगवेगळे आहेत पण युरोप, अमेरिकेत परदेशी नेऊन करवणं हा बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, तिथल्या शाळेत किंवा बालकल्याण खात्यात विचारा.

आणि एक, जे तू विचारलं नाहीस. तुझ्या मैत्रिणीला अजून त्रास असेल. इंग्लंडमध्ये काही शहरांत एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, खास क्लिनिक्स आहेत जिथे बायका डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाऊ शकतात, शिवलेलं उघडायचं छोटं ऑपरेशन तिथे होतं, समुपदेशन मिळतं, दुभाषी असते. ही माहिती तिला पहिल्याच भेटीत दे, मुलीचा निर्णय काहीही होवो. तिच्या पोरीची काळजी सगळे करतील, शाळा करेल, सरकार करेल, पण सात वर्षांची असताना जे तिच्यावर झालं त्याबद्दल तिला आजवर कुणी "तुला कसं वाटतं" विचारलं असेल की नाही कोण जाणे.

शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटते आणि सुटली की शाळेतली ती जबाबदार व्यक्तीही सुट्टीवर जाते, मग तुला कौन्सिलच्या मुलांच्या विभागाला फोन करावा लागेल. म्हणून शेवटची तारीख जुलैचा पहिला शुक्रवार ठेव. तिला आजच मेसेज कर, भेटायचा दिवस ठरव.